कोरं की पांढरं

नलूताई,

भेटायला येणारं प्रत्येक माणूस सांगतं, तुम्ही फार शांत होतात. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसून बायका डोळ्यांना पदर लावतात आणि म्हणतात, "बाईंचा चढा आवाज म्हणून कधी ऐकला नाही." मी नुसते पाण्याचे पेले फिरवते. तुम्ही माझ्याशी किती भांडलात आणि कशावरून, हे सांगितलं तर त्यांना वाटेल हिचं डोकं फिरलं.

थोडं फिरलंच आहे म्हणा. दुपारी लाईट जाते, गल्लीतले पावरलूम एकदम थांबतात आणि सगळं बुऱ्हाणपूर पाण्याखाली गेल्यासारखं होतं. त्या शांततेत मला जिन्यावर तुमच्या चपला वाजलेल्या ऐकू येतात. मी दचकत नाही. हातातलं काम तसंच ठेवून वाट बघते, की आता तुम्ही दारातून म्हणाल, "शैला, मी म्हणत होते तेच बरोबर आहे, ऐक." मग लाईट येते, माग पुन्हा खडखडायला लागतात, आणि दारात कुणीच नसतं.

रावेरहून लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला तुमची भीती वाटायची. नवऱ्याहून अठरा-वीस वर्षांनी मोठी बहीण, मुलींच्या शाळेत गणिताच्या बाई, लग्न न केलेल्या. निघताना मावशीनं कानात सांगितलं होतं, "नणंद घरातच आहे, जपून राहा." मी इतकी जपून राहत होते की दिवसभरात माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. बी.कॉम. झालेली मी सकाळी पोळ्या करायची, दुपारी धान्य निवडायची, संध्याकाळी पुन्हा पोळ्या. एका दुपारी तुम्ही स्वयंपाकघरात आलात.

"तुला कंटाळा येतो का गं?"

"नाही ताई."

"मला येतो. चल."

कुठे, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. रिक्षात बसल्यावर कळलं. त्या वर्षांत जग जवळ येऊन राहिलंय असं पेपरात रोज छापून यायचं. आपल्या गावात ते आलं शनवाऱ्याच्या बाजारात, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटर सेंटर होऊन. तुमच्या शाळेत मशीनं येणार होती आणि गणिताच्या बाईंनी शिकून घ्यावं असं वरून सांगितलं होतं. कॉलेजच्या पोरांमध्ये एकटं जाऊन बसणं तुमच्या जिवावर आलं होतं, म्हणून सोबतीला मी. आईंनी कपाळाला आठ्या घातल्या, "सुनेचं काय काम तिथं?" तुम्ही म्हणालात, "माझं आहे नं काम तिच्याशी." तुमच्या भावाला, म्हणजे ह्यांना, तुम्ही विचारलं नाहीत, नुसतं सांगितलंत.

ती खोली आठवते ताई? चपला बाहेर काढायच्या. जाड पडदे, एसीचा गार वास, आणि काळ्या पडद्यांवर हिरवी अक्षरं, जणू कुणीतरी पाण्याच्या तळाशी दिवे ठेवलेत. बाहेर कडक ऊन, खाली दुकानात कापडाचे तागे उलगडल्याचा आवाज, आणि आपण दोघी अनवाणी, हळू आवाजात बोलत. मला ते देवळासारखं वाटायचं. तुम्हाला नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी सरांना त्यांची चूक दाखवलीत.

सर खंडव्याचे होते, तरुण, हिंदी बोलणारे. एके दिवशी त्यांनी कुठल्याशा मासिकातलं कोडं फळ्यावर लिहिलं. "समझो एक खाली पटल है, चौखानों वाला. एक बार में आप एक पूरी लाइन रंग सकते हो, आड़ी या खड़ी, एक ही रंग से. बाद का रंग पहले वाले को ढंक देगा. अब मैं एक तस्वीर दूंगा. वो कम से कम कितनी बार में बनेगी, ये आपका प्रोग्राम बताए." मग हसून म्हणाले, उन्हाळ्यात मुलींची वेगळी बॅच सुरू करायची आहे, आया म्हणतात बाई शिकवणार असेल तरच पाठवू. हा प्रोग्राम जी करून आणेल, तिला ती बॅच.

पोरं हसली, कारण त्या खोलीत बाया आपण दोघीच. तुम्ही हसला नाहीत. रिक्षात मला म्हणालात, "रंगाचे हात म्हण. भिंतीला मारतात तसे. चित्र बनवायला कमीत कमी हात किती, एवढंच विचारलंय." तेव्हापासून आपल्या घरात त्या कोड्याला 'हात' असं नाव पडलं. आई शेजारणीला सांगायच्या, "दोघी वर बसून हात करून राहिल्या." शेजारणीला काय वाटत असेल कोण जाणे.

सेंटरवर मशीन थोडा वेळच मिळायचं, म्हणून खरं काम गच्चीवर. तुमचे आलेखाचे कागद, शाळेतून आणलेले रंगीत खडू, आणि हिवाळ्यातलं ते मऊ ऊन. तापीकडून येणारी हवा कागद उडवायची, आपण त्यावर वाट्या ठेवायचो. मला उत्तर लगेच सुचलं होतं: दर वेळी असा हात मारायचा, की जास्तीत जास्त चौकोन एकदम बरोबर होतील. किती साधं! तुम्ही कागदावर एक फुली काढलीत. मधली आडवी ओळ पूर्ण लाल, मधली उभी ओळ हिरवी, आणि दोन्ही मिळतात तो चौकोन लाल. "बाकीचं सध्या सोड. एवढ्यालाच मार हात," म्हणालात. मी लालपासून सुरुवात केली, कारण लाल चौकोन जास्त होते. मग हिरवा मारला, तर मधला चौकोन हिरवा झाला. मग पुन्हा लाल.

"तीन," मी म्हटलं.

"आधी हिरवा मारला असतास तर?"

"दोन."

तुम्ही वाटीतले फुटाणे तोंडात टाकलेत आणि आकाशाकडे पाहत राहिलात. शाळेत मुलींना असंच हरवत असाल तुम्ही. त्यांना तुमचा राग कसा येत नसे, हे मला त्या दिवशी कळलं. हरवलेल्या माणसाला तुम्ही फुटाणे द्यायचात.

पण मग आधी कुठला हात आणि नंतर कुठला, हे मशीनला कळणार कसं? हिवाळा सरला तरी ते सुटेना. तुम्ही भाजी निवडताना थांबायचात. मी पोळी करपवायची. एकदा जेवताना ह्यांनी विचारलं, "तुमच्यात काही झालंय का?" आपण दोघींनी एकदम "हो" म्हटलं आणि पुन्हा ताटाकडे वळलो.

मग ते कुरडयांचे दिवस आले. आईंनी गच्चीवर जुन्या लुगड्यांचे पट्टे अंथरले होते, काही आडवे, काही उभे, एकावर एक, जागा मिळेल तसे. संध्याकाळी मी गोळा करायला गेले आणि खालचाच पट्टा ओढायला लागले. तो निघेना. तुम्ही जिन्यातून ओरडलात, "थांब!" मला वाटलं विंचू आहे. तुम्ही तशाच, अनवाणी, त्या पट्ट्यांपुढे उकिडव्या बसलात.

"शैला, सगळ्यात शेवटी अंथरलेला पट्टा कुठला?"

"हा. सगळ्यात वरचा."

"कशावरून?"

"अख्खा दिसतो नं. ह्याच्यावर काही नाही."

बोलता बोलता मलाच कळलं. शेवटचा हात अख्खा दिसतो. चित्रात जी ओळ टोकापासून टोकापर्यंत एकाच रंगाची आहे, तो शेवटचा हात. तो उचलून बाजूला ठेवायचा, मग त्याच्या खालचा अख्खा होतो, तो उचलायचा. उलटं यायचं. शेवटून पहिल्याकडे. आपण दोघी एकेक पट्टा उचलत, हसत, रडत... हो, रडतच होतो आपण... आणि कुरडया चुरचुर मोडत होत्या. आई वर आल्या. "काय करून राहिल्या व माय तुम्ही? वर्षाच्या कुरडया मोडल्या नं!" तुम्ही त्यांच्या गळ्यात पडलात. तुम्हाला असं कुणाच्या गळ्यात पडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

तिथेच थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण तुम्ही दुसऱ्या सकाळी मी कणीक मळत असताना आलात आणि म्हणालात, "एक सिद्ध झालं. एक जरी आडवी ओळ आणि एक जरी उभी ओळ रंगवायची सोडली, तर त्या दोघी जिथे भेटतात तो चौकोन बिनरंगाचा राहतो. म्हणजे एक तर सगळ्या आडव्या रंगवाव्या लागतील, नाही तर सगळ्या उभ्या. त्याच्या खाली जाताच येत नाही." किती सुंदर होतं ते. कणकेचे हात तसेच ठेवून मी ते डोक्यात फिरवून पाहिलं, कुठून मोडतंय का. मोडेना. मग मी म्हटलं, "पण ताई, चित्रात तो चौकोन पांढराच असला तर? मग त्याला रंगवायचं कशाला? सोडून द्यायचा."

तिथून सुरू झालं.

तुम्ही म्हणालात, पांढरा हा रंग आहे. कोडं सांगतंय पटल 'खाली' आहे. खाली म्हणजे रिकामं, काहीच नाही. चित्रात पांढरं हवं असेल तर पांढऱ्याचा हात मारावा लागेल. मी म्हटलं, कागद मुळातच पांढरा असतो, डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं, मग हात वाया का घालवायचा? विचारलंय कमीत कमी. तुम्ही मला सेंटरवर नेलंत, मशीन चालू केलंत आणि काळ्या पडद्याकडे बोट दाखवलंत. "हे घे तुझं कोरं. पांढरं आहे का?" मी म्हटलं, "हे मशीनचं कोरं आहे. माणसाचं कोरं पांढरं असतं." खंडव्याचे सर आपल्याकडे बघत राहिले. मासिकात उत्तर दिलेलंच नव्हतं.

शेवटी प्रोग्राम दोन झाले. तुमचा वेगळा, माझा वेगळा. दोन्ही चालले. सर दोन्ही पडद्यांसमोर उभे राहिले, खूश झाले, आणि बॅच मला दिली. "मैडम तो रिटायर होने वाली हैं, आराम करेंगी." तुम्ही उठून उभ्या राहिलात. "आराम का किसने पूछा? उत्तर देखकर दीजिए, उमर देखकर नहीं." सर ओशाळले, पण निर्णय तोच राहिला. परत येताना तुम्ही रिक्षा थांबवून मिठाईच्या दुकानातून दराबा घेतलात, आणि घरात शिरता शिरता आईंच्या तोंडात घास घातलात, "घे, तुझी सून मास्तरीण झाली." मग वर गच्चीवर जाऊन बसलात. मी चहा घेऊन आले. तुम्ही म्हणालात, "त्याला कुणाचं बरोबर हे कळलंच नाही. म्हणजे आपला वाद शिल्लक आहे." मी हसले. आता पडल्या पडल्या तो आवाज पुन्हा ऐकते तेव्हा वाटतं, त्यात आणखीही काही होतं. वाईट वाटलं का, हे मी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. ते आता तसंच राहणार.

तुमची सगळ्यात सुंदर आठवण मात्र त्यानंतरची आहे. रिटायर झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही माझ्या बॅचला येऊन बसलात. मागच्या बाकावर, वही-पेन घेऊन, विद्यार्थिनी म्हणून. मुली घाबरल्या, कारण निम्म्यांना तुम्ही शाळेत शिकवलं होतं. मी 'हात'चं कोडं शिकवायला घेतलं आणि म्हटलं, पांढरे चौकोन सोडून द्यायचे. मागून हात वर आला.

"मॅडम, एक शंका आहे."

घरी मला "ए शैला" म्हणणाऱ्या तुम्ही, मॅडम म्हणालात. मला हसू आवरेना. तुम्ही शांतपणे उभं राहून सगळं मांडलंत. शाहपुरहून बसनं येणारी एक मुलगी ओरडली, "बडी मॅडम बरोबर बोलून राहिल्या! खाली मतलब खाली!" दुसरी म्हणाली, "असं कसं? कोऱ्या वहीला कोणी पांढरा रंग देतं का?" पुढच्या तासाला वर्गात दोन पक्ष झाले होते. जिन्यावरून उतरतानाही त्या भांडत होत्या, खालचा दुकानदार तागा हातात धरून वर बघत होता. इतक्या मुली, इतक्या मोठ्या आवाजात, शनवाऱ्याच्या भर रस्त्यावर गणितावरून भांडतायत. तुम्ही माझ्या कानाशी म्हणालात, "बघ. आराम करून राहिलेय मी."

मग तुमचं दुखणं. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, तुम्हीही कधी घेतलं नाहीत. इंदूरच्या खेपा सुरू झाल्या. पहाटे गाडी निघायची, असीरगडाच्या घाटात धुकं असायचं, किल्ला हवेत तरंगल्यासारखा दिसायचा, आणि तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून अर्धवट झोपेत काहीतरी मोजत असायचात. एकदा तिथल्या दवाखान्याच्या बाकावर, तुमचे हात इतके बारीक झालेले बघून, मी म्हटलं, "ताई, मी विचार केला. तुमचंच बरोबर आहे. पांढरा रंगच आहे."

तुम्ही डोळे उघडलेत. "कशावरून?"

"असंच. पटलं मला."

"कारण सांग."

मी तुमची शाल सारखी करायला गेले. तुम्ही माझा हात झटकलात. अंगात ताकद नव्हती, तरी झटकलात. "आजारी माणसाला जिंकू देतेस? लहान मूल आहे का मी?" परत येताना खंडव्यापर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी खिडकीतून बाहेर बघत रडत होते, आणि खरं सांगू ताई, आतून कुठेतरी हलकंही वाटत होतं. इतक्या दिवसांनी तुम्ही रागावल्या होतात. म्हणजे तुम्ही अजून पूर्ण होतात.

हिवाळ्यात थोडं बरं वाटलं तेव्हा तुम्हाला शाहपुरला मामेबहिणीच्या केळीच्या बागेत जायचं होतं. ह्यांनी जीप केली. बागेत खाट टाकली. केळीच्या पानांतून येणारा उजेड हिरवा असतो, तुमचा चेहरा, शाल, खाटेची नवार, सगळं हिरवं झालं होतं. पाटाचं पाणी कुठून तरी वाजत होतं. झाडं आडव्या ओळीत, उभ्या ओळीत, नजर जाईल तिथपर्यंत. तुम्ही खूप वेळ बघत राहिलात. मला वाटलं झोपलात. मग म्हणालात, "मी गेल्यावर तू सगळ्यांना सांगशील, ताईच बरोबर होत्या. लोक तसंच करतात. तू करू नकोस."

"असं काय बोलता?"

"मला गेलेलं माणूस व्हायचं नाही गं. मला चुकीचं तरी ठरव. पटलं तरच पटलं म्हण."

मी हो म्हटलं. तुम्ही माझं बोट धरलंत आणि तशाच झोपलात. संध्याकाळी तुम्हाला उठवायचं कुणाला सुचेना. आम्ही सगळे खाटेभोवती बसून राहिलो, उजेड हिरव्याचा सोनेरी झाला, मग निळा.

त्यानंतर तुम्ही फार बोलला नाहीत. ज्या सकाळी गेलात, त्या सकाळी आई तुमचे उरलेले केस विंचरत होत्या. गल्लीतले माग नुकते सुरू झाले होते. आईंनी वेणीचा पेड घातला, म्हणाल्या, "झालं बघ," आणि तुम्ही नव्हतात.

आई त्या दिवसापासून दोन घासांवर उठत होत्या. काल मुक्कामाचे सगळे पाहुणे गेले. संध्याकाळी मी ताट घेऊन त्यांच्यापुढे बसले, तर ताट सरकवून म्हणाल्या, "शैला, तुम्हा दोघींचं ते भांडण होतं तरी काय व? इतकी वर्षं ऐकलं. मला कधी कोणी सांगितलं नाही."

मी खडू आणला. फरशीवर चौकोन काढले, एक ओळ लाल केली. हात म्हणजे काय ते सांगितलं, तुम्ही काय म्हणायचात ते सांगितलं, मी काय म्हणायचे ते सांगितलं. तुमची बाजू मांडताना कसर ठेवली नाही, शपथ. आई वाकून, चष्मा सावरून, बघत राहिल्या.

"मग खरं कोणाचं?"

ह्यांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मलाही माहीत आहे.

"माझं, आई," मी म्हटलं. "मला अजून माझंच खरं वाटतं."

आई फरशीवर आणखी वाकल्या. मग लाल ओळीच्या बाजूच्या एका रिकाम्या चौकोनावर त्यांनी बोट टेकवलं.

"आणि हे?" त्या म्हणाल्या. "ह्याच्यात कोणी काही भरलं का? नाही नं? खाली ते खाली, माय. पांढरं कुठून आणलं तू? नली बरोबर बोलत होती."

तुमच्या हयातीत त्यांनी या भांडणात तुमची बाजू एकदाही घेतली नव्हती, ताई.

"नाही आई, ऐका," मी म्हटलं आणि मांडी घालून नीट बसले. त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला, आणि खात खात माझ्याशी भांडायला लागल्या.